जागच्या जागी

‘दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर’ या ओळीतल्या ‘दोन’वर तिची बोटं होती आणि कानातला आवाज तुटला. दार लोटून घ्यावं तसा तुटला नाही. पुढचा शब्द उच्चारायला तोंड उघडलेल्या माणसानं तसंच उघडं ठेवावं, असं काहीतरी ते होतं. तिनं पट्टीच्या टोकाची कळ दाबली. पुढची ओळ आली नाही. ब्रेलची ही पट्टी कीबोर्डच्या अलीकडे बसवलेली, हातभर लांब. पडद्यावर जे उमटेल त्याचे ठिपके तिच्या छिद्रांतून वर येत, ओळ बदलली की खाली बसत आणि दुसरे उठत. आता कुणीच बसत नव्हतं आणि कुणीच उठत नव्हतं. ‘दोन’ तसाच उभा होता, ताठ आणि टोचरा, बोलावणं करून यजमानच निघून गेलेल्या पाहुण्यासारखा. तिनं पुन्हा कळ दाबली. ‘दोन’. मग यंत्राच्या पोटात खट् झालं, पंखा उतरला आणि सगळे ठिपके एकदम खाली गेले. मूठभर मोहरी ताटात सांडावी तसा बारीक आवाज झाला.

“गेलं?” पलीकडच्या टेबलावरून मांडणीवालीनं विचारलं. पानं लावायचं, मजकूर चौकटीत बसवायचं काम तिचं. तोंडानं मात्र ती कुठल्याच चौकटीत बसायची नाही.

“गेलं.”

“निळं झालं होतं बघ परत. नवीन मशीन म्हणे! आमच्या जुन्या मशीनला निदान लाज होती, आधी खोकायचं तरी.”

यंत्र आपलं आपण पुन्हा सुरू होत होतं. ती हात मांडीवर घेऊन बसली. निळं. सगळे म्हणत होते, पडदा निळा होतो. तिला निळा आठवायचा होता आणि नेहमीप्रमाणे तो नीट येत नव्हता. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत तिला दिसत होतं, म्हणजे निळा तिनं पाहिला होता, भरपूर पाहिला होता. शाईची दौत, बहिणीचा फ्रॉक, कुठल्याशा दवाखान्याचा दरवाजा. पण अलीकडे दौत आठवली की काचेचा गारवा आधी यायचा, फ्रॉक आठवला की त्याची खरखर, आणि रंग मागच्या रांगेत उभा राहून हळूच निघून जायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? एका माणसाच्या डोक्यातून एक रंग कमी होतो, एवढंच.

काम मात्र सांगण्यासारखं होतं. या छापखान्यात औषधांच्या खोक्यांत घालायची पत्रकं छापत, घड्या घालून बोटाएवढी केलेली. छपाईला जाण्याआधी प्रत्येक पत्रक शेवटचं वाचायची ती. डोळस माणूस शंभर वेळा वाचलेलं पत्रक वाचत नाही, ओळखतो. बोलणारं यंत्र वाचतं, पण कान दशांशचिन्हावरून घसरून जातो. बोट घसरत नाही. टिंबाचा ठिपका जिथं हवा तिथं लागला नाही की ते अडखळतंच. साहेबांनी तिला नेमताना हे ओळखलं होतं, आणि त्याबद्दल तिच्या मनात त्यांच्यासाठी एक जागा होती. म्हणूनच परवा त्यांनी टेबलापाशी येऊन घसा साफ केला तेव्हा तिला पुढचं वाक्य आधीच कळलं होतं.

“बाई, या आठवड्यात काय होतंय ते बघू. पत्रकं अडून राहतात हो. नाही जमलं तर तुम्हाला पुढच्या खोलीत फोनवर घेऊ. पगाराला हात लागणार नाही, तो शब्द माझा.”

पगाराला हात लागणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते खरंच असणार होतं. तेच तर वाईट होतं. फोनवर ती ‘जरा थांबा हं, जोडते’ म्हणेल, आवाज गोड आहे असं लोक म्हणतील, आणि बोटं हळूहळू जाड होत जातील.

यंत्रांचं बघणारा माणूस जेवणाच्या सुट्टीनंतर आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण कुठल्याही मशीनपाशी आला की त्याचा पहिला सल्ला ‘थोडी विश्रांती द्या’ हाच असायचा. आल्याबरोबर तो टेबलाखाली शिरला.

“ताई, आता मागच्या बाजूला लावून बघू. पुढची भोकं जरा नाजूकच असतात.”

“परवा मागेच लावली होती तुम्ही.”

“ते डावीकडचं. हे उजवीकडचं.”

हे असंच चाललं होतं. तो पट्टीची वायर एका यूएसबीतून काढून दुसऱ्यात घालायचा, यंत्र ‘नवं काहीतरी आलं’ म्हणून टिंग करायचं, पट्टी सुरू व्हायची, तो ‘घ्या’ म्हणून हात झटकायचा आणि ती मनापासून आभार मानायची. मग कधी अर्धं पान, कधी दीड पान, आणि पुन्हा एखादा शब्द बोटांखाली मरून पडायचा. त्या शब्दांची तिला भीती बसायला लागली होती. ‘यकृत’ होता. ‘क्वचित’ होता. एकदा ‘आणि’ होता. त्या ‘आणि’पाशी ती बराच वेळ हात ठेवून बसली होती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “ते निळं होतं तेव्हा त्यावर काय लिहून येतं?”

“काही नाही हो. नेहमीचंच.”

“नेहमीचं म्हणजे?”

“एररच आपला. सॉरी म्हणतो, आणि परत सुरू होतो.” टेबलाखालून त्याचा आवाज मायेचा येत होता. “तुम्ही नका डोक्याला त्रास करून घेऊ.”

नका त्रास करून घेऊ. हे वाक्य इतक्या तोंडांतून आलं होतं की त्याला आता कुणाचाच आवाज उरला नव्हता. वडील वर्तमानपत्र वाचून दाखवायचे तेव्हा मध्येच थबकायचे आणि ‘पुढं असंच काहीबाही आहे’ म्हणायचे. काकू बारशाला गेली तर बाळ ‘गोड’ असायचं, साडी ‘छान’ असायची. लोक तिच्यासाठी जग गाळून द्यायचे, आणि चोथा म्हणून जे टाकायचे त्यातच पुष्कळदा तिला हवं ते असायचं. आई एकटी निराळी. आई वाचायला बसली की बुटाच्या खोक्यावरचा नंबरसुद्धा सोडायची नाही. तिखट बाई होती, पण तिचं वाचन अख्खं असायचं.

“मला ते अख्खं वाचून दाखवा,” ती म्हणाली. “अक्षरन् अक्षर.”

“वाचायला थांबतं कुठं ते? लगेच परत सुरू होतं.”

“थांबवता नाही येत?”

“येतं. का नाही येत?” तो बाहेर आला, गुडघे झटकले. “आपलं आपण सुरू व्हायची सवय मोडतो त्याची. मग निळं होऊन बसेल गपचूप, कुणी हलवेपर्यंत. पण मी तोवर इथं नसेन, ताई. वरच्या मजल्यावर प्रिंटर वाट बघतोय माझी.”

“मी आहे की,” मांडणीवाली म्हणाली. “मला वाचता येतं. दिसत नसेल तोंडावर, पण येतं.”

ते निळं व्हायला फार वेळ लागला नाही. या वेळी ‘मूत्रपिंड’. मांडणीवाली खुर्चीसकट सरकत आली, चाकं फरशीवर खडखडली. “हं, ऐक. वर एक रडका चेहरा आहे. तो वाचू?”

“तोही वाच.”

“दोन टिंबं आणि उलटा कंस. पुढं, तुमच्या मशीनमध्ये अडचण आली, अमुक तमुक...”

“अमुक तमुक नको.”

“अगं बाई, वाचते!” आणि ती वाचत गेली, शाळेत शिक्षा म्हणून वाचावं तशी, एकेक अक्षर आपटत. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती, कशात बिघाड झाला ते सांगणारी. “एल. के. बी. टी. तीन. टिंब. एस. वाय. एस.”

ऐकून ती स्वतःशीच ते पुटपुटत राहिली, कुणाचा तरी पत्ता पाठ करावा तसं. शेवट ‘सिस’ म्हणजे ड्रायव्हर, एवढं तिला माहीत होतं. ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाषी: यंत्राला पट्टीची भाषा येत नाही, पट्टीला यंत्राची येत नाही, हा दोघांमध्ये उभा. आता दुभाषीच भर सभेत झोकांडी खाऊन पडत असेल तर खुर्च्या बदलून काय होणार होतं?

डॉक्टर परत आला, त्यानं आपल्या फोनवर ती अक्षरं शोधली, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली माया जाऊन कुतूहल आलं. ते तिला फार बरं वाटलं.

“हा तर पट्टीचा ड्रायव्हरच नाही. कुठल्यातरी जोडतारेचा आहे. जुन्या जाड पिनांच्या वस्तू यूएसबीला लावायला मिळायची ना, तिचा.”

“माझी आधीची पट्टी तशीच होती,” ती सावकाश म्हणाली. “मध्ये तार होती एक. नव्या मशीनबरोबर ही आली, मग ती पट्टी मोडीत गेली आणि तारही.”

“तार गेली. हा राहिला.” तो हसला. “आणि तुमच्या या पट्टीच्या पोटात चिप आहे ती त्याच घराण्यातली. म्हणून ही आली की हा म्हातारा उठतो, आमचेच पाहुणे म्हणतो, बोलायला उभा राहतो. याला नवी भाषा येत नाही. थोडा वेळ अंदाजानं रेटतो, मग कोसळतो. कोसळताना सगळा मांडव घेऊन कोसळतो.”

“आमच्या घरच्या लग्नांत असा एक मामा असतो,” मांडणीवाली म्हणाली.

“पण डॉक्टर, हे मशीन नवं ना? मग नव्यात हा आला कुठून?”

स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातल्याचा, परत काढल्याचा आवाज आला.

“मीच आणला,” तो म्हणाला. “बाकी सगळ्यांची मशीनं कोरी भरली. तुमचं तेवढं जुन्यातलं सगळं उचलून जसंच्या तसं इकडं ओतलं. तुम्हाला काही बदललंय असं वाटायला नको म्हणून. आणि तुम्ही म्हणाला होतात, ताई. एकही गोष्ट हलवायची नाही.”

ती म्हणाली होती. त्याला नव्हे फक्त, सगळ्यांना, आयुष्यभर. आधी आई म्हणायची. दिसेनासं झाल्यावरच्या पहिल्या वर्षात घरी पाहुणे आले होते, कुणीतरी स्टूल उचलून वाटेत ठेवलं, ती आपटली आणि हनुवटी फुटली. आईनं पाहुण्यांना चहा न देता बाहेर काढलं होतं, ते जाताना जिन्यात कुजबुजत होते ते तिला ऐकू आलं होतं. त्या दिवसापासून घर थांबलं. खुर्ची जिथं होती तिथं, चमचे डाव्या खणात, घड्याळ दाराशेजारी. लग्न झाल्यावर तिनं नव्या घरातही आठवडाभरात सगळं ठरवलं, नवऱ्यानं तिच्या हाताला धरून एकेक वस्तू दाखवली, आणि मग वस्तूंनी मुळं धरली. त्याचं तिला सुख होतं. अंधारात चालणाऱ्या माणसाला ओळखीची भिंत म्हणजे काय, हे भिंत दिसणाऱ्याला समजत नाही. अंगच घराएवढं होतं. आता तिला वाटलं, त्या न हलवलेल्या कपाटांच्या मागं काय काय साठून राहिलं असेल? कोण कोण जुनी माणसं तिथं दबा धरून बसली असतील, तिच्या नावानं दार उघडायला?

डॉक्टरनं तो ड्रायव्हर काढून टाकला. पट्टी लावली. टिंग झालं, ठिपके उठले, दोन ओळी धावले आणि थांबले.

“परत आला?” मांडणीवालीनं विचारलं.

“परत आला. माळ्यावर याची आणखी एक प्रत ठेवलेली असते मशीननं. इकडून हाकलला, तिकडून उतरला. आणि माळ्यावर याचे भाऊबंद किती आहेत, देवाला ठाऊक. एकेक हुडकत बसलो तर आठवडा जाईल.” त्यानं श्वास सोडला. “एक उपाय आहे, ताई. पूर्ण कोरं करायचं. तुमच्या फायली वाचतील. सवयी वाचणार नाहीत.”

सवयी म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. कुठली कळ दाबली की कुठं जायचं, हे तिनं वर्षानुवर्षं बसवलेलं. औषधांची वेडीवाकडी नावं यंत्रानं कशी उच्चारायची ते तिनं त्याला एकेक करून शिकवलेलं, हट्टी मुलाला शिकवावं तसं. ते सगळं जुन्या प्रोग्रॅमच्या हाडामांसात होतं. ते उचलायचं तर म्हाताराही बरोबर यायची भीती.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

घरी नवरा तिच्या आधी आला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत तो नळ्या-चंचुपात्रं सांभाळायचा. त्याच्या हाताला कायम साबणाचा आणि कसल्यातरी आम्लाचा वास असे. त्यानं कप तिच्या पुढ्यात ठेवला, नेहमीच्या जागी, कान उजवीकडे. तिनं दिवसभराचं सांगितलं. तो ऐकत होता. मग, आपण हे का विचारतो आहोत हे नीटसं न कळता, तिनं विचारलं, “अहो, तुम्हाला कधी वाटतं का, हे टेबल खिडकीपाशी असावं?”

“वाटतं,” तो म्हणाला.

ते इतक्या पटकन आलं की ती दचकली. विचार करायला लागतो तेवढा वेळही त्यानं घेतला नव्हता. उत्तर कित्येक वर्षं दाराशी चपला घालून उभं होतं, कुणी हाक मारतं का याची वाट बघत.

“कधीपासून?”

“अगं, पहिल्यापासूनच. इथं बसून पेपर वाचायला दिवा लावावा लागतो दिवसाढवळ्या.”

“बोलला का नाहीत कधी?”

“तुला त्रास नको म्हणून.”

तिला एकाच वेळी रागही आला आणि हसूही. हा माणूस इतकी वर्षं भर दिवसा दिवा लावून पेपर वाचत होता. दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज ती रोज ऐकत होती आणि त्याचा अर्थ तिला लागला नव्हता. तिच्यासाठी जग गाळून देणाऱ्यांत हाही होता, आणि गाळणी त्याच्या हातात देणारी ती स्वतःच होती. ‘एकही गोष्ट हलवायची नाही’ हे वाक्य तिनं मनात म्हणून पाहिलं. आतापर्यंत ते तिला आपल्या आईच्या आवाजात ऐकू यायचं, कडक आणि पाठीशी उभं. आज त्यात दुसरंही काही होतं. पाहुणे जिन्यानं उतरताना कुजबुजत होते ते, आणि फुटक्या हनुवटीची ती मुलगी, जिला त्यानंतर कुणीच पुन्हा आपटू दिलं नाही. आपटल्याशिवाय चालायला शिकलेलं माणूस तिनं तरी ऐकलं नव्हतं.

“हसतेस काय?” नवऱ्यानं विचारलं.

“काही नाही. उद्या मशीन पुसून टाकायला सांगते.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर फोनवर. ‘जरा थांबा हं, जोडते.’” तिनं गोड आवाज काढून दाखवला.

“नको,” तो म्हणाला. “फारच चांगला जमतोय. घाबरायला होतं.”

सकाळी तिनं डॉक्टरला सांगितलं, आणि पुसायला सुरुवात करण्याआधी त्यानं तीनतीनदा विचारलं, ‘नक्की ना?’ तिनं प्रत्येक वेळी ‘नक्की’ म्हटलं. तिसऱ्या वेळी आवाज जरा हलला. मग काम सुरू झालं आणि तिच्यापुढचं यंत्र कोरं होत गेलं. त्याचा काही आवाज येत नव्हता. एवढं सगळं जाताना काहीतरी आवाज यायला हवा होता, असं तिला उगाच वाटलं. पट्टी काढून तिनं मांडीवर घेतली होती; ठिपके खाली गेलेली ती पट्टी गुळगुळीत आणि गार लागत होती, अजून काहीच न बोललेल्या वस्तूसारखी. डॉक्टरनं पट्टी बनवणाऱ्यांकडचा नवा ड्रायव्हर आधी भरला. “आधी दुभाषी, मग पाहुणे,” तो म्हणाला. मग त्यानं वायर तिच्या हातात दिली. “तुम्हीच लावा, ताई. कुठल्याही भोकात लावा. आता फरक पडू नये.”

तिनं चाचपून पहिलं लागलं त्यात लावली. टिंग.

पहिला तास लाजिरवाणा होता. कानातला आवाज परका, घाईघाईचा, औषधांच्या नावांची तो अशी चिरफाड करायचा की मांडणीवालीनं एकदा कानातलं लावून ऐकलं आणि “हे औषध आहे की शिवी?” म्हणून विचारलं. सवयीची कळ दाबली की भलतंच काही उघडायचं. एकदा आवाज कानातून निसटून स्पीकरवर गेला, तो इतका मोठा की वरच्या मजल्यावरून कुणी तरी डोकावलं. पत्रकं कुठल्या कप्प्यात आहेत तेच तिला सापडेना. फायली होत्या, डॉक्टरनं शपथेवर सांगितलं होतं, पण जिथं हात जायचा तिथं नव्हत्या. तिच्या कपाळावर घाम आला. ती आपटत होती, इकडे आपटत होती, तिकडे आपटत होती, आणि प्रत्येक आपटण्याबरोबर त्या खोलीचा एकेक कोपरा तिला समजत जात होता.

साहेब आले. त्यांच्या बुटांचा आवाज टेबलापाशी थांबला, घसा साफ झाला. “काय बाई, जमतंय?”

“अजून नाही, साहेब,” ती म्हणाली. “पत्रकच सापडलेलं नाही. पण मशीन उभं आहे.”

“मग दुपारचं काम दुसऱ्याकडे...”

“देऊ नका.”

तिचा आवाज जरा मोठा निघाला. बूट थोडा वेळ तिथंच राहिले, मग सावकाश लांब गेले.

पत्रक सापडलं ते अगदी वरच्या कप्प्यात, डोळ्यासमोर, असं मांडणीवाली म्हणाली असती. ते तापाच्या औषधाचं होतं, लहान मुलांसाठीचं. तिनं आवाज बंद केला, कानातलं काढून ठेवलं. पट्टीवर पहिली ओळ उठली. तिनं वाचली. कळ दाबली. ठिपके बसले, दुसरे उठले. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिची बोटं आपोआप आवळत होती, पायरी नसेल या भीतीनं पाऊल आवळावं तशी, आणि प्रत्येक वेळी पायरी होती. अर्धं पान झालं. वजनाप्रमाणे मात्रा सांगणारा तक्ता आला. आकडे, टिंबं, पुन्हा आकडे. ती त्यांच्यावरून एकेक करून गेली. कुठलंच टिंब खोटं लागलं नाही. मांडणीवाली काहीतरी बोलत होती, बहुधा तिच्याशीच. खिडकीबाहेर कुणी गाडी मागं घेत होतं. दीड पान झालं आणि तिच्या लक्षात आलं की मघापासून बोटं आवळायची राहून गेली आहेत. नेमकी कुठल्या ओळीपासून, ते तिला सांगता आलं नसतं.

“अगं ए, ऐकतेस का? चालतंय का तुझं?”

“थांब ग,” ती म्हणाली, “वाचतेय,” आणि पुढच्या ओळीची कळ दाबली.